टेकाडाची माती

२ डिसेंबर, मंगळवार, संध्याकाळ

किळस येते आहे, स्वतःचीही. पैनगंगेकाठच्या सरकारी बागेतल्या प्राचीन वस्तीच्या टेकाडाची पांढरी माती बाबांनी आज वांग्यांच्या वाफ्यांना खत म्हणून आणली. पोत्याचं तोंड मीच धरलं होतं. घरी मातीतून हाड निघालं, बोटाएवढं. माणसाचं असेल तर?

"ढोराचं असंल, माय. आबा बी तिथूनच आनत होते," बाबा म्हणाले.

मला अक्षरं याच बाबांनी शिकवली. नदी दिसते त्या कठड्याजवळची 'खोदू नये' ही पाटीही त्यांनीच माझ्याकडून वाचून घेतली होती. बोटाएवढं हाड. तीनदा हात धुतले. म्हटलं, माती परत टाकून येऊ.

"आता नेली तं लोकं पायतील ना."

आणताना ही लाज कुठे होती? उद्या मी एकटीच नेणार, भर दुपारी.