सातवीण झडल्यावर

सौ. शेवंतास,
मुलुंडहून धोंडिरामचा जयभीम.

खिडकीजवळची सातवीण झडली. फुलांचा भुगा जिन्यापर्यंत उडून येतो, तो मी रोज झाडून काढतो. वास आता अजिबात नाही. दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास या वासानं तुला दम लागतो, म्हणून तू मानखुर्दला लेकीकडे जातेस. फुलं संपली की मी फोन करतो आणि दुसऱ्या दिवशी तू घरी येतेस.

यंदा फुलं संपून बारा दिवस झाले. मी फोन केलेला नाही.

शेजारची मानसी विचारत होती, "काय काका, काकीला आणणार की नाही? झाड तर रिकामं झालं ना."

मी म्हटलं, "वरच्या फांदीला आहेत अजून." ती वर बघून हसली.

या वेळी जाताना तू जाड शालही नेलीस. एवढ्या उकाड्यात शाल कशाला, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्या सकाळी गॅस बंद केलास ना, असं मी तुला चारदा विचारलं होतं. चपला घालताना तू म्हणालीस, "मला दम झाडानं नाही लागत हो, तुमच्या काळजीनं लागतो." तू हसत होतीस, म्हणून मीही हसलो.

रोज फोन हातात घेतो आणि ठेवून देतो. तू येत नाही म्हणालीस, तर मग झाडाला दोष देता येणार नाही. म्हणून हे पत्रही टाकत नाही. अजून चार दिवस सातवीण फुललेलीच आहे असं समजतो.

तब्येतीला जप.
धोंडिराम