केळीच्या बागेतली वाफ

७ मे
केळी कापणारा भिका आज दगडूनानाच्या बागेत कोसळला. घड खांद्यावरच होता. रावेरच्या दवाखान्यात सलाईन चालू.
माणूस साक्रीकडचा. गेल्या वर्षी तिकडच्या सभेत मीच गरजलो होतो, 'उन्हात भाजता कशाला? रावेरला या, केळीत सावली आहे!' टाळ्या पडल्या. टाळ्यांवर पोसलेलं तोंड माझं.

८ मे
भिकाला भेटलो. 'भाऊ, बागमा घाम सुकतच नई. बठ्ठं आंग वल्लं शे, तरी आंगमा आग.' गावी पहाटे गोधडी लागायची, इथे पहाटेही अंग निवत नाही म्हणतो. निवणार कसं? हवेतली वाफ जमिनीची धग वर सुटू देत नाही. हे मी कधीचं वाचलंय. भाषण ठोकताना बरं आठवलं नाही.
मागणी एकच: बारा ते चार कापणी बंद.

९ मे
दगडूनानाकडे गेलो. महाशयांनी भिंतीवरचा थर्मामीटर काढून आणला. 'वक्तेसाहेब, रस्त्यापेक्षा बागेत चार डिग्री कमी! तुमच्या आवाजाने पारा चढत नसतो.' भोवतालचे खिदळले. वाफेचं म्हटलं तर, 'कुठे दिसते? मला तर चहावरच दिसते.'
चहावर दिसतात ते पाण्याचे बारीक थेंब. वाफ दिसतच नाही. अडाणीपणा मी सोसेन, त्याची ऐट नाही.

११ मे
दोन थर्मामीटर घेऊन गेलो. एकाच्या बुडाला ओली चिंधी. रस्त्यावर चिंधी वाळत गेली तसा तिचा पारा धडाधड उतरला. बागेत त्याच्या निम्माही नाही. सकाळीच पाणी सोडलेलं, वर पानांचं छत, वारा शून्य. हवा आधीच वाफेने भरलेली. जिथे चिंधी वाळत नाही तिथे माणसाचा घाम काय वाळणार?
नाना म्हणाला, 'चिंध्यांवर केळी पिकत नाहीत.' कापणारे सात जण खाली मान घालून उभे. त्यांचीही चीड आली.

१२ मे
भिका दवाखान्यातून सुटला तो थेट बागेवर. 'भाऊ, तुम्हीच सांगा, जाऊ का मझार?' मी म्हणालो, आत नको. बांधावर बसला. मग एकेक करून बाकीचेही.
बारा वाजले. ट्रक अर्धाच भरलेला. नाना भडकला, 'सावलीतल्या कामाला रडता?' आणि स्वतःच आत शिरला. एक घड आणला. दुसरा आणला, तेव्हा सदरा अंगाला चिकटलेला. तिसऱ्याला गेला तो येईना.
पडू दे, असं माझ्या मनात आलं. लिहून ठेवतो.
भिका उठला, पाण्याची कॅन घेऊन आत गेला. दोघे बाहेर आले ते नानाचा हात भिकाच्या गळ्यात. भिकाने त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. 'नाना, आते समजनं का?'
नाना बराच वेळ धापा टाकत होता. मग म्हणाला, 'उद्या बघू.'
बारा ते चार बंद, असं काही कबूल केलं नाही. ट्रक अर्धा रिकामाच उभा आहे. बांधावरून अजून कुणी उठलेलं नाही.