वावरात टांगलेली बिलं

बाळापूर, रविवार

चिरंजीव नागसेनले चतुरा आत्याचा सप्रेम जय भीम. इकडं आमी जिते हाओत, तिकडं तुमीबी असान. तुह्या बापाचे गुडघे कसे हायेत? डॉक्टरनं चालाले सांगतलं आन् तो पानठेल्यापर्यंतच चालते, हे मले इथं बसून मालूम हाय. फोन असून आत्यानं कागद काहून खरडला म्हणशीन, तं फोनवर बोललं का माया आयकते. (सून चांगली हाय, पण तिचे कान लय चांगले हायेत.)

तर सरकारी नोटीस आली. आपल्या संघपालच्या हार्डवेअर दुकानाची, तो गेला त्या सालची बिलं दाखवा म्हणते. पोरगा जाऊन सहा वर्षं झाले, त्याचं त्याईले काही नाही, बिलं पायजे. ज्या कम्प्युटरवर तो बिलं करे, तो त्याच्या मागं दोन महिन्यांत जळला (लाईन जास्त आली होती). पण संघपाल भेदरट. दर सहा महिन्यांनी समदी बिलं सीड्यांत भरून कपाटात ठेवे. आता त्या सीड्यांचं मी काय केलं ते आयक, आन् तुह्या बापाले सांगू नोको. दोन सालाखाली माया म्हणे, आई, कपाट खाली करा. त्या चकचकीत चकत्या पाहून मले बाजूच्या डोमाजीचं वावर आठवलं. ज्वारीले पोपट लागू नये म्हून त्यानं अशाच टांगल्या होत्या. वर इंग्रजीत काहीतरी लिहेल होतं, पण मी तिसरी शिकली, तेही मराठीत. चौदाच्या चौदा सुतळीनं बांधल्या. खरं सांगतो, त्या साली आपल्या एका कणसाले पोपटानं चोच लावली नाही. सीए सायबानं (दुकानाचा हिशोब तोच पाहे, बोलता बोलता पेन चावते, अकोल्याचा हाय) इचारलं, सीड्या कुठी हायेत? मी म्हटलं, वावरात. तो हासला. माया नाही हासली.

मंग समद्यांनी वावराचे धुरे-बांध धुंडले. अकरा भेटल्या. बारावी डोमाजीनं बैलबंडीच्या मागं ठोकली होती, अंधारात चमकाले. खिळा मधातून गेला आन् मधात तं भोकच असते, म्हून वाचली. बाकीच्या दोन कुठी गेल्या ते पोपटाले इचार. थैली घेऊन मी आन् शेजारचा श्रावण अकोल्याले गेलो. रिपेरिंगवाला म्हणे, आजी, आताच्या कम्प्युटरले सीडीचं तोंडच नसते. मी म्हटलं, बाप्पा, जपून ठेवा म्हणता आन् उघडाची सोयच काढून टाकता? माह्या लोणच्याची बरणी पंचवीस वर्षांत कधी म्हणाली नाही का आता झाकण बंद झालं. त्यानं एक जुना डबा काढला. घरघर, घरघर. उन्हानं वरचा पापुद्रा उडाला म्हणे. समद्यांत एकच अर्धी उघडली.

संघपालले एक खोड होती, तुले मालूम हाय का? बिलाच्या खाली शेऱ्याचा खाना असते, त्यात तो मनातलं लिहे. गिऱ्हायकाच्या कागदावर ते छापून ये नाही. श्रावणनं वाचून दाखवलं: "पंजाबराव. तीन कुलुपं. चोर घरातच हाय." खाली आशाबाईची नळाची तोटी: "भावात डोकं खाल्लं, चहाबी पेली." रिपेरिंगवाला हासला, मीबी हासली. मंग मले खुर्ची मांगा लागली.

तू अमरावतीले कचेरीत जुनं रेकॉर्ड कम्प्युटरात चढवते, म्हून एक सीडी श्रावणच्या हाती धाडून राहिली. तिथं उघडली नाही. शेवटची हाय, तो गेला त्याच्या आदल्या दिवसापर्यंतची (वर तारीख हाय, श्रावणनं वाचली). गोधडीच्या तुकड्यात बांधली. नोटिशीचं काम हाय, आठ दिवसांत कर.

तुही आत्या,
चतुराबाई

ता. क. — नोटिशीची घाई करू नोको. सीए सायबाच्या कपाटात छापेल बिलं निंघाले, मंगळवारीच नेऊन देले. तरी सीडी उघड.

आणखी ता. क. — त्या साली चौदा एप्रिलच्या आधी विहाराच्या कठड्याले रंग द्याचा होता. मी दुकानातून निळ्या रंगाचे दोन डबे न इचारता नेले. संघपालनं चार गिऱ्हायकांदेखत माह्या नावानं बिल केलं. मी म्हटलं, मायले बिल देते? तुह्या दुकानाची पायरी चढणार नाही. बिल घेतलं नाही. नऊ दिवस बोलली नाही. तो जेवाले बसे, मी ताट सरकवो. दहाव्या दिवशी दुकानातच छाती धरून पडला. ते बिल करताना तो लय वेळ बटणं दाबत होता, हे म्या जाता जाता पाह्यलं. तेवढं एक काढ. चतुराबाई, निळा रंग, दोन डबे. शेऱ्यात काय हाय ते श्रावणच्याच हाती लिहून धाड, मोठ्या अक्षरात.

आन् आयक. शिवी असन तं शिवी लिही. खाना रिकामा असन तं रिकामा लिही. आत्याले बरं वाटावं म्हून आपल्या मनानं काही भरजो नोको. संघपाल कसा बोले ते मले ओयखू येते, आन् तू कसा बोलते तेबी.