तुझा संसार आहेच केवढा

आई,

तुला आधी मांगा म्हणजे काय ते सांगायला हवं. जपानी धाटणीची चित्रकथा. काळी-पांढरी, जाडजूड, आणि मूळ जपानीत उजवीकडून डावीकडे वाचायची. मी विकत आणलेलं पहिलं मांगा तुझ्या हाती पडलं असतं, तर तू ते उलटसुलट करून म्हणाली असतीस, "बाइंडरनं उलटं शिवलंय हे, परत देऊन ये." तू गेल्याला अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात तुझी मुलगी भीतीची चित्रं काढून पोट भरायला लागली आहे, आणि सांगायला हरकत नाही, बरं भरते आहे. मी उज्जैनला नानाखेड्याच्या आपल्या त्याच घरात राहते आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर काम करते, कारण उजेड तिथेच चांगला येतो. आतल्या खोलीत मोठं टेबल करून घेतलं होतं, त्याच्यावर आता इस्त्रीचे कपडे असतात.

सध्या हातात आहे ती शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका परदेशी लेखकाची दीर्घकथा. या जातीच्या कथांमध्ये भूत नसतं, सूड नसतो, कुणाचा शाप नसतो. असतं एवढंच, की हे विश्व इतकं मोठं आणि इतकं जुनं आहे की आपण त्यात आहोत याचा त्याला पत्ताच नाही, आणि ज्याला हे एकदा नीट कळतं त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. आमच्या कथेत एक दीपगृहाचा रखवालदार आहे. वीस वर्षं तो एकटाच दिवा सांभाळतोय. एक दिवस ओहोटी लागते आणि पाणी परत येतच नाही. मैलोन् मैल समुद्राचा तळ उघडा पडतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की ज्याला आपण इतकी वर्षं क्षितिज समजत होतो, ती कुणाची तरी पाठ आहे. इथे लेखक लिहून मोकळा होतो की 'ते दृश्य शब्दांत सांगता येणार नाही'. एकदा नाही, अकरा वेळा लिहितो, मी मोजलंय. लेखकांची चंगळ असते बघ. मी संपादकांना सांगू शकते का, की दोन पानं कोरी सोडा, हे चित्रात काढता येणार नाही?

पण मला ते जमणार याची खात्री होती, आणि ती खात्री तुझ्याकडून आली आहे. तू माधवनगरच्या बाजूच्या त्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होतीस. शाळा सुटली की मी तिकडेच यायचे, कारण घरी कुणी नसायचं. बाबा बदली होऊन जबलपूरला गेले होते आणि तिकडचेच झाले होते. लॅबमध्ये भिंतीभर कपाटं, कपाटांत बरण्या, आणि बरण्यांत फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला समुद्र: तारामासे, समुद्रघोडे, जेलीफिश, आणि खिडकीपाशी तो ऑक्टोपस. खरा समुद्र मी विसाव्या वर्षी पाहिला आणि माझी सपशेल निराशा झाली. त्यात काहीच दिसत नव्हतं.

एका दुपारी तू बरण्यांतलं फॉर्मॅलिन बदलते आहेस. नाकाला रुमाल, हातात मोजे, डोळ्यांतून पाणी वाहतंय. शिपाईकाका आत यायला तयार नाहीत, दारातूनच सांगतायत, "मॅडम, मैं नहीं छूता इसको. ये तो जिंदा लग रहा है. मेरे को ही देख रहा है." तू दोन्ही हातांनी ऑक्टोपस उचलतेस, ट्रेमध्ये ठेवतेस आणि म्हणतेस, "भैया, इसको तो गुजरे हुए तीस साल हो गए. डरना ही है तो प्रिन्सिपल साहब से डरो." काका हसतात, पण आत येत नाहीत. मी स्टुलावर बसून त्याचं चित्र काढते आहे आणि तू मोजे काढत काढत मागे येऊन उभी राहतेस. "याला भुवया कुठून आल्या?" मी सांगते, तो रागावलाय. "बरं. आणि हात किती आहेत याला?" मी म्हणते, दहा. "मोज." मी मोजते, आठ निघतात. "मग? आधी मोजायचं, मग घाबरायचं." असं म्हणून तू वहीचं ते पान टरकन फाडलंस. मला रडू आलं होतं, तू लक्ष दिलं नाहीस, दुसरी बरणी घेतलीस.

चित्रकलेच्या कॉलेजात मला कुणी याहून कामाचं काही शिकवलं नाही, हे मी तिथल्या सरांच्या तोंडावरही सांगेन. लॅबच्या वहीत छटा बोटानं घासून द्यायची नाही, हा तुझा नियम. नुसती रेघ आणि ठिपके. अंधार असेल तिथे दाट, उजेड असेल तिथे विरळ, आणि प्रत्येक ठिपका गोल हवा. घाई केली की ठिपक्याला शेपूट फुटतं आणि ते लगेच तुला दिसायचं. बी.एस्सी.ची मोठमोठी मुलं तुझ्यापुढे वही धरताना चळचळा कापायची. सोळाव्या वाढदिवसाला तू मला तुझा बरण्यांची लेबलं लिहायचा टाक दिलास, काळ्या शाईच्या बाटलीसकट. मला घड्याळ हवं होतं, म्हणून मी दिवसभर तोंड पाडून बसले. आता ऐक. मांगातली करडी छटा म्हणजे ठिपकेच असतात. हल्ली ते कॉम्प्युटरवर एका बोटासरशी येतात, मी मात्र हातानं देते. त्या समुद्रातल्या पाठीला मला एकवीस दिवस लागले. तिच्यावर किती वळ्या, प्रत्येक वळीत किती शिंपले चिकटलेले, सगळं आधी ठरवलं आणि मगच टाक उचलला. ज्यांनी पानं पाहिली ते म्हणतात, बघवत नाही. नाहीच बघवणार, मोजून काढली आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आपल्या घरात भाषेची रोज झटापट चालायची. दाराबाहेर हिंदी, दाराच्या आत मराठी, आणि माझ्या तोंडात दोन्हीची खिचडी. तू मिरजेची. मी "आई, तुला बताते ना मी" म्हटलं की तू कान पकडायचीस, माझा नाही, स्वतःचा. पण त्यातली गंमतही तुलाच जास्त कळायची. सहावीत माझ्या प्रगतिपत्रकावर बहनजींनी लिहिलं होतं, 'गणित में सुधार की चेष्टा करती है.' त्यांना म्हणायचं होतं, प्रयत्न करते. तू ते मोठ्यानं वाचलंस, म्हणालीस, "खरंय बाई, गणिताची चेष्टाच करते ही," आणि हसता हसता तुला खुर्चीत बसावं लागलं. सरकारी फलकावर 'शिक्षा विभाग' दिसला की तू म्हणायचीस, बघ, तुझ्यासाठी अख्खं ऑफिस उघडलंय.

बारावीनंतर मला इंदूरला चित्रकलेला जायचं होतं. तुला वाटत होतं मी इथेच बी.एस्सी. करावं. सकाळची वेळ, तू ओट्याशी पाटावर मेथी निवडत बसली आहेस, आणि मी दाराला टेकून तिसऱ्यांदा तेच भांडण उकरून काढते आहे.

"चित्रं काढून करणार काय तू? दोन वर्षांत लॅबमध्ये जागा निघतेय. सरांशी बोलून ठेवलंय मी."

"मला नाही यायचं तुझ्या त्या लॅबमध्ये."

"का, काय वाईट आहे?"

"वाईट नाही ग. पण आई, तुझा संसार आहेच केवढा? चार बरण्या नि दोन पातेली. उसीमें तू खुश है. मला नाही ना राहायचं त्यात."

तुझे हात थांबले नाहीत. दोन-तीन काड्या आणखी निवडल्यास, मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आहे तेवढा एकटीनं केलाय." मेथी पाण्यात टाकलीस आणि कामाला निघून गेलीस. पुढचे आठ दिवस तू माझ्याशी 'जेवून घे' आणि 'दार लावून घे' याच्या पलीकडे बोलली नाहीस. मला वाटलं, इंदूरचा राग आहे. नवव्या दिवशी टेबलावर इंदूरच्या कॉलेजचा फॉर्म होता, तुझ्या लेबलांच्या अक्षरात भरलेला, माझ्या सहीपुरती जागा सोडून. मी सही केली. तू मला गाडीत बसवून दिलंस, डबा दिलास, नंतर दर महिन्याला येत राहिलीस, हसलीस, माझी चित्रं बघून ठिपक्यांच्या शेपट्या दाखवल्यास. त्या सकाळबद्दल मात्र तू कधी बोलली नाहीस आणि मीही नाही.

यंदा उन्हाळ्यात पुण्याहून संपादकबाईंचा फोन आला. पुस्तक हिंदी आणि मराठी दोन्हींत निघतंय आणि दोन्ही मीच लिहिते. शेवटच्या प्रकरणात ती पाठ दिसल्यावर रखवालदार मनाशी म्हणतो, 'कितना छोटा था मेरा संसार.' मराठीत मी तेच उतरवून काढलं होतं, 'केवढासा होता माझा संसार.' बाई म्हणाल्या, "अहो, हा तर सडाफटिंग आहे ना? मग याचा संसार कुठून आला मध्येच? बायकामुलं आधीच्या प्रकरणात काढायची राहिली का?" मी खो खो हसले. हिंदीत संसार म्हणजे अवघं जग आणि मराठीत संसार म्हणजे घरदार, नवरा-बायको, भांडीकुंडी. उज्जैनची मराठी, दुसरं काय, असं म्हणून मी तिथल्या तिथे 'विश्व' करून टाकलं. फोन ठेवला, आणि हसू ओसरायच्या आत मला मेथी निवडणारे तुझे हात दिसले.

मी म्हणाले होते, तुझं जग केवढंसं आहे. सतरा वर्षांच्या पोरीचा उद्धटपणा तो, कुठल्याही आईनं आठ दिवसांत विसरून जावा इतपत. तू ऐकलंस ते वेगळंच होतं. नवरा सोडून गेलेल्या बाईला तिच्या एकुलत्या एका मुलीनं तिच्याच स्वयंपाकघरात विचारलं की तुझा संसार आहेच केवढा. तू एवढं झेललंस आणि नवव्या दिवशी माझा फॉर्म भरलास. मला माफ कर, आई. हे मी तुझ्यासमोर म्हणायला हवं होतं. शब्द हिंदी होता, तू मराठी ऐकलास, असं सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी 'विश्व' खोडलं आणि 'संसार' परत लिहिला, या वेळी मराठीतला. मग ते दुहेरी पान नव्यानं काढलं. मूळ कथेत त्या दृश्यानंतर रखवालदार वेडा होऊन धावत सुटतो. माझा जागचा हलत नाही. खिडकीबाहेर चौकटभर ती पाठ, एवढी जवळ की आकाश दिसत नाही, आणि आत त्याची किटली, एक ताटली, वाळत टाकलेले रफू केलेले मोजे. तो वात कापतोय, कारण दिवा लावायची वेळ झाली आहे. खाली एकच वाक्य: 'केवढासा होता माझा संसार.' बाईंना पान पाठवलं. तासाभरानं त्यांचा निरोप आला, "शब्द राहू दे." मी आजवर काढलेल्यातलं हे सगळ्यात चांगलं पान आहे, आणि हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाहीये.

बाईंना पुस्तकाच्या शेवटी चार पानांचं मनोगत हवं आहे. त्यांना मी या शब्दाचा किस्सा सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "हेच लिहा ना, आईला पत्र म्हणून." म्हणून हे लिहिलं. आत्ता वरपासून वाचून पाहिलं. चांगलं उतरलं आहे, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. दोन भाषांच्या मध्ये सापडलेली एक बिचारी मुलगी आणि तिची एक चूक. पण तू असतीस तर एका प्रश्नात मला पकडलं असतंस. बाबा जबलपूरहून परत येणार नाहीत हे सांगायला आत्या आली होती, तेव्हा ती काय म्हणाली होती? "त्यानं तिकडे दुसरा संसार थाटलाय." मी दहा वर्षांची होते, तुझ्या शेजारीच बसले होते, आणि तुझा चेहरा बघून तो शब्द मी तेव्हाच पक्का शिकले. त्यानंतर आपल्या घरात तो कुणीच उच्चारला नाही, सात वर्षं, मी उच्चारेपर्यंत. तेव्हा हे पत्र मी बाईंना पाठवत नाही, मनोगत दोन ओळींचं देईन. त्या सकाळी माझ्या तोंडात हिंदी होती हे खरं आहे. पण शब्द बाहेर पडत असतानाच मला त्याचा दुसरा अर्थ ऐकू आला होता, आणि तो तुला कुठे लागणार हे ठाऊक असून मी वाक्य पूर्ण केलं.