फेरीला सोबत

गरदेज, ३ हमल

लालाजान,

सलाम. तू, वहिनी, पोरं खुशाल असाल. मी बरी आहे. बर्फ वितळला तसं छप्पर गळायला लागलं, म्हणून मीच वर चढून माती लिंपली. शेजारची बीबो खालून ओरडत होती, "अगं उतर! पडलीस तर खांदा द्यायलाही घरात पुरुष नाही!" मेलीची जीभ! पण हसले मी, बऱ्याच दिवसांनी.

अक्रोड मिळाले. वहिनीने पाठवले म्हणे, पण फडक्याची गाठ तुझी होती. संध्याकाळी कोंबड्यांशी भांडते. त्या निदान उलट बोलतात.

माझ्या नवऱ्याच्या दफनाच्या दिवशी तू म्हणालास, "तुझ्या पोलिओच्या थेंबांनी शेरआगाला खाल्लं." गोळ्या मोटारसायकलवरच्यांनी झाडल्या, लाला. पण तो त्या गल्लीत होता तो माझ्यासाठीच. बाईला एकटीनं फिरता येत नाही, म्हणून लसीचा डबा खांद्याला लावून पुढे चालायचा. हे मला कुणी सांगायला नको.

मग त्याच्यामागे मी विधवेची इद्दत पाळत चार महिने दहा दिवस घरात बसले. तेवढ्यात पोलिओची फेरी आली आणि आमच्या गल्लीत थेंब पाजायला नुसते पुरुषच आले. घरधनी बाहेर असताना परक्या पुरुषाला दार कोण उघडणार? बाळं आतच राहिली. मेहरगुल शिंप्याची नात नुकती चालायला लागली होती. आता तिचा डावा पाय नुसता लोंबतो. तिची आई मला म्हणाली, "खाला, तू का नाही आलीस गं?"

शनिवारी पुन्हा फेरी आहे. बीबो म्हणते, "त्या औषधानं पुढं पोरं होत नाहीत म्हणे." म्हटलं, "तुझ्या सुनेनं लहानपणी हेच थेंब घेतले, मग तिला हे चौथं कुठून आलं?" बायका पोट धरून हसल्या. मला त्या दार उघडतील, लाला. पण मला एकटीला कुणी जाऊ देणार नाही. आणि खरं सांगू? मला भीती वाटते. नवरा गेला, पोटी मुलगा नाही. माझ्याबरोबर चालेल असा तूच उरलास.

तुला काही झालं तर वहिनीला काय तोंड दाखवू, म्हणून हे पत्र आधी एकदा लिहून फाडून टाकलं होतं. नाही म्हणालास तरी रागावणार नाही. कुठल्या तोंडानं रागावू?

शनिवारी सकाळच्या नमाजानंतर मी दाराशी उभी असेन. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. नुसता पुढे चाल.

तुझी, अजून तुझीच बहीण,
तोरपेकई