तव्याला साबण लावायचा नाही

बाई, तुम्ही चुकला होतात. हे तुमच्या तोंडावर म्हणायला मी घाबरले असं समजू नका. दोनदा म्हटलं होतं, दोन्ही वेळा तुम्ही ऐकलं नाहीत. आता तुम्हाला ऐकवायची सोय उरली नाही, तेव्हा कुठे माझ्या हाती पुरावा आला. माझं सगळं असंच उशिरा.

तो दिवस अजून जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे. न्हावा शेव्याच्या कंटेनरांमागे कंपनीची बस अडकली म्हणून मी लॅबमध्ये उशिरा पोचते आहे, आणि तुम्ही दाराशी चपला काढून, पदर खोचून यंत्रासमोर उभ्या आहात. आत पॅलेडियमचा नखाएवढा पत्रा. गाडीच्या धुरातले विषारी वायू अशा धातूवर येतात आणि निरुपद्रवी होऊन निघून जातात, धातू मात्र संपत नाही. हे तो कसं करतो, एवढंच आपल्याला बघायचं होतं. पत्र्यावर क्ष-किरण सोडायचे, त्यांनी उडवलेले इलेक्ट्रॉन मोजायचे, म्हणजे अगदी वरच्या थरात कोण बसलंय ते आलेखावर उमटतं. पण वाटेत वायू असला की इलेक्ट्रॉन धडकून वाया जातात, म्हणून यंत्राच्या आत कडक निर्वात पोकळी. थोडक्यात, जो पत्रा गरम वायूत राबतो, त्याला आपण थंड करून, वायू काढून घेऊन, नुसता बसवून बघत होतो. त्या दिवशी आलेखावर धातूच्या मोठ्या उंचवट्याला लागून एक लहान उंचवटा आला होता. ऑक्साइडचा, म्हणजे धातूवर गंजासारख्या बसलेल्या थराचा.

“घाण आहे. साफ कर,” तुम्ही म्हणालात.

“बाई, घाण नसली तर? सगळं काम त्या थरावरच होत असलं तर?”

“कॉन्व्हेंटमध्ये नुसते प्रश्न विचारायला शिकवतात वाटतं. किरणांनीच तो थर केला नसेल कशावरून? आहे उत्तर?” आणि तर्जनीने टेबलावर टकटक केलंत.

मी आर्गॉनच्या आयनांचा मारा करून पत्रा घासून काढला, उंचवटा गेला, आणि आपला पेपर स्वच्छ, चकचकीत धातूवर छापून आला. लोकांनी वाहवा केली. तुम्हीही माझ्या पाठीवर थाप मारलीत, ती मला आवडली नाही.

आणि त्याच रविवारी तुमच्या तळ्याजवळच्या घरी घावनं. भांडी घासायला येणाऱ्या मावशी बिडाचा तवा उचलून विचारतात, “बाय, तवा पार काला झालाय. घासून काढू?”

“खबरदार! साबण लावायचा नाही त्याला. त्या काळ्या थरामुळे तर घावन सुटतं. घासलात तर नुसतं लोखंड उरेल.”

“नाय घासत बाय, वरडता कशाला!”

मी ताट हातात धरून तुमच्याकडे बघत राहिले. तुम्हाला माझी नजर कळली होती, बाई. तुम्ही चटणीची वाटी पुढे केलीत आणि म्हणालात, “अजून एक वाढू?” स्वयंपाकघरात जे कळत होतं ते तुम्ही लॅबच्या दाराशी चपलांबरोबर काढून ठेवत होतात, याचाच मला संताप आहे. एखाद्या मूर्ख माणसाने मला गप्प केलं असतं तर मी कधीच विसरले असते. पुढे मी स्वतःचं घर केलं तेव्हा तोच तवा तुम्ही मला दिलात. “साबण लावलास तर परत घेऊन जाईन,” एवढाच आशीर्वाद.

आता ऐका. माझी शेवटची विद्यार्थिनी परदेशात एका मोठ्या क्ष-किरण केंद्रात आहे. आता पत्रा वायूत ठेवूनच बघता येतो. इलेक्ट्रॉन निघतात तिथे अगदी जवळ बारीक तोंडाची नळी असते, ती वायू खेचून घेते आणि इलेक्ट्रॉनांना पुढे जाऊ देते. आपल्या काळी एवढं मिळतं तर! दोन महिन्यांपूर्वी तिने फोनच्या पडद्यावर आलेख दाखवला. पत्रा गरम, वायू सोडलेले, धातू कामाला लागलेला, आणि शेजारी तो लहान उंचवटा. पत्रा गरम ठेवून वायू बंद केले की काम थांबतं आणि उंचवटा बसत जातो.

“मॅडम, तुम्ही नेहमी सांगता तो तुमचाच उंचवटा ना हा?” ती हसत होती.

मला ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी तोंडातून निघालं, “किरणांनीच तो थर केला नसेल कशावरून?”

तिचा चेहरा उतरला. “मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल.”

पुढचे दिवस मी एकच हिशेब करत होते. किरणांनीच तो थर केला असता तर तुम्ही बरोबर, आणि मी इतकी वर्षं उगाच दात खात बसलेली एक म्हातारी. मग तिचा फोन आला. किरण बंद ठेवून तिने आधी धातूला काम करू दिलं आणि मग जिथे किरण कधी पडलाच नव्हता अशा कोऱ्या जागी पाहिलं. उंचवटा तिथेही आहे. बाई, आपण घाण समजून घासला तो कामाचा थर होता.

हे पत्र कुठे टाकणार? तव्याच्या कपाटात ठेवते. एक मात्र सांगायला हवं. तिच्या पेपरच्या शेवटी आभारात माझं नाव आहे, त्या प्रश्नासाठी. “किती नेमका प्रश्न विचारलात, मॅडम,” ती म्हणाली, आणि मी तो माझाच असल्यासारखी मान डोलावली. प्रश्न तुमचा होता. शब्द तुमचे, टेबलावरची टकटकसुद्धा तुमची. तुम्ही माझा उंचवटा पुसलात, मी तुमचा प्रश्न ठेवून घेतला. फिट्टंफाट झाली म्हणायचं होतं, पण पेपर अजून छापायला गेलेला नाही, आणि सकाळपासून दोनदा तिला फोन लावून मी कापला आहे.