प्रदर्शनात दाराजवळ लावलेला फोटो

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, म्हणून सध्या कागदावरच). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला का? आम्ही खुशाल आहोत, म्हणजे तुझी भावजय खुशाल आहे आणि मी तिच्या हो ला हो म्हणतो.

तुला ठाऊकच आहे, की स्टुडिओत "हनुवटी खाली, खांदे सरळ" करत मी लोकांचे पासपोर्टचे फोटो काढले ते निव्वळ पोटासाठी. जीव माझा गंजलेल्या कुलपांत, ओल आलेल्या भिंतींत आणि डबक्यांत. तुझ्या लग्नातसुद्धा मी खुर्च्यांच्या सावल्या टिपत होतो (सावल्या अप्रतिम आल्या होत्या, भावोजी अर्धेच आले, हे तू अजून ऐकवतेस). तर यंदा वाचनालयानं हॉल दिला आणि माझं पहिलंवहिलं प्रदर्शन भरलं. नाव दिलं 'छायेचा शोध'. (तुझी भावजय म्हणाली, "उन्हात उभे राहा, सापडेल.") सगळे फोटो लावून झाल्यावर दाराजवळच्या भिंतीवर ओलीचा भलामोठा डाग दिसला. मी म्हटलं, राहू दे, माझ्याच फोटोंपैकी एक वाटेल. तिला ते पटेना. तिनं घरून एक फ्रेम आणून डागावर अडकवली.

तो फोटो तिनंच मोबाईलवर काढून हौसेनं मोठा करून घेतलेला. भर रस्त्यात मी डबक्याकाठी पालथा पडलोय, शर्ट वर सरकलाय, डोळा कॅमेऱ्याला, आणि माझ्या पाठीवर एक कुत्रं चारही पाय रोवून निवांत उभं आहे. (मला वाटलं होतं, तीच पाठीवर हात ठेवून उभी आहे.)

झालं! सगळी गर्दी दाराशी. आत माझी कुलपं एकटी. लोक फोटोकडे बघत, मग माझ्याकडे, मग पुन्हा फोटोकडे, आणि चहा सांडेपर्यंत हसत. शेवटी आले चित्रकलेचे मास्तर, ज्यांच्या तोंडून एक "बरं" ऐकायला मी शाळेपासून ताटकळलोय. त्यांनी काठी टेकत सगळं पाहिलं, कुलपांपाशी जांभई दिली आणि दाराशी येऊन थबकले ते हलेचनात.

"हे बरं आहे," ते म्हणाले. "किती रमलाय हा! कुणी काढलाय?"

ताई, "मीच" हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण फोटोत पालथा मीच पडलेला, करतो काय? कप गोळा करत असलेल्या तुझ्या भावजयीकडे मी बोट दाखवलं. मास्तरांनी तिला चक्क हात जोडले. ती लाजून म्हणाली, "छे हो, कुत्र्यामुळे बरा आलाय."

घरी येताना मला राग यायला हवा होता. पण फ्रेम माझ्याच काखेत होती, आणि वाटेत दिव्याखाली थांबून मी ती पुन्हा पाहिली. इतकी वर्षं मला कुणी असं बघत होतं, याचा मला पत्ताच नव्हता गं.

भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा
(हल्ली लोक 'कुत्रेवाले' म्हणतात)

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. तो फोटो खरोखर चांगला आहे, असं तू तिला कळव. मी सांगितलं तर म्हणते, "चेष्टा पुरे." आजवर मी फक्त भिंतींचं कौतुक केलंय, तिचा तरी काय दोष?

आणखी एक. कौतुक जरा बेतानं कर. घरात कॅमेरा एकच आहे आणि सकाळपासून तो घेऊन ती गच्चीवर बसली आहे. जेवायला हाक मारली तर म्हणते, "थांबा हो, उजेड जाईल."